पाय लागू नये म्हणून

पिसांचा टोप घातलेल्या आदिवासी सरदाराचा तो चेहरा, संघाचं बोधचिन्ह, वर्षानुवर्षं ड्रेसिंग रूमच्या गालिच्यावर होता. त्याला पाय लावायचा नाही, हा कॅनडातल्या सस्कॅचेवानमधल्या त्या आइस हॉकी संघाचा नेमच होता. जिवंत आदिवासी संघात आला की त्याला खुशाल ‘चीफ’ म्हणून डिवचायचं, पण चित्रावर पाय? छे, पाप!

यंदा मालकांना उपरती झाली. संघाचं नाव बदललं, गालिचा उचकटून काळं रबर टाकलं. तरीही सगळे त्या मोकळ्या जागेला वळसा घालूनच चालत. स्केटवरून निथळलेलं पाणीसुद्धा तिथवर येऊन अडायचं आणि बाजूने जायचं. एल्विन मूस्टूसने ते पाहिलं. संघात आदिवासी, क्री जमातीचा, तो एकटाच. आजच्या सामन्यात चमकला तर करार, नाहीतर घरचा रस्ता.

“चीफ, जपून! आज्याला तुडवशील,” कप्तान कर्टिस नाड्या आवळत म्हणाला. सगळे खिदळले.

“तिथं काही नाहीये, कर्टिस.”

“मग जा ना मधून. आहे हिंमत?”

एल्विनचं डोकंच फिरलं. स्केट चढवायच्या आधी, नुसत्या मोज्यांवर, तो मधोमध जाऊन उभा राहिला. पायाखालचं रबर कोमट आणि मऊ होतं, कुणाच्या गालावर उभं राहावं तसं. हसणं थांबलं. कर्टिस पांढराफटक पडला. मग एकेक जण खाली मान घालून, एल्विनला वळसा घालून बाहेर गेला.

बर्फावरही तेच. समोरच्या संघातले दांडगट अंगावर यायचे आणि ऐन वेळी बाजूला सरायचे. कुणी शिवी देईना, कुणी धक्का मारेना. एल्विनला आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोला! मग मात्र तो घाबरला. शेवटी काठीने खेळाची चकती रेटत तो सरळ जाळीपर्यंत गेला, तर गोलकीपरही बाजूला झाला.

गोल! करार पक्का. एल्विनने हात पसरले. सोबती आले, पण काठीभर अंतरावर थांबले. सगळं स्टेडियम उठून उभं होतं आणि चिडीचूप होतं.

“अरे, या की जवळ! माणूस आहे मी!” ओरडत तो कर्टिसच्या गळ्यात पडायला गेला.

कर्टिस झटकन मागे सरला. आपला पाय तर लागला नाही ना, म्हणून त्याने आधी खाली पाहिलं.

“माफ कर, चीफ,” तो हळूच म्हणाला. या वेळी तो चेष्टा करत नव्हता.