तानाजीचे सहा पाठ

चौसाळ्याच्या हमरस्त्यावर तानाजीचं बियाण्याचं दुकान, चारचौघांत मान, अन् घरी दाराआड निरगुडीचा फोक. फोकाशिवाय लेकरू वळणावर येत नाही, असं तो गिऱ्हाइकालाही ठासून सांगे. लोक माना डोलवत. माना डोलवायला काय लागतं हो!

त्या सोमवारी तो बायको सत्यशीलासोबत आठ वर्षांच्या संस्कृतीला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. पोर तापानं फणफणली होती. काखेत थर्मामीटर लावायला अनिसा सिस्टरनी बाही वर सरकवली, तर दंडावर तीन निळे वळ.

"पडली उंबऱ्यावरून," सत्यशीला खाली बघत म्हणाली.

उंबरा काय तीनदा मारतो? पण सिस्टर भांडल्या नाहीत. गोळ्या दिल्या आणि तानाजीच्या मोबाईलवर आईबापांसाठीचे सहा पाठ पाठवले. "दोघांनी बघायचे, प्रश्नांची उत्तरं द्यायची. पुढच्या सोमवारी मी विचारणार."

"आता ही मला शिकवनार व्हय, पोरगी कशी वाढवायची?" घरी तानाजी भडकला. शेवटी फोन पोरीच्याच पुढ्यात टाकला. "तुला जमतंय न्हवं? दाब बटनं अन् संपीव."

पुढच्या सोमवारी तिघं पुन्हा दवाखान्यात आले. फोनवर सहाही पाठांपुढं हिरव्या खुणा बघून सिस्टर खुलल्या. "वा, तानाजीराव! आता सांगा बरं, लेकराचा राग आला की काय करायचं?"

तानाजी छताकडं बघू लागला, आणि बाकावरची माणसं त्याच्याकडं. संस्कृतीनं हळूच त्याचा सदरा ओढला. "पप्पा, पानी प्यायचं. लेकराजवळ खाली बसायचं. मग बोलायचं."

सिस्टरांचा चेहरा उतरला. "हे सगळं तू भरलंस, बाळा? मुलांवर हात उचलता का, त्याला काय दाबलंस?"

"कधीच नाही."

"का गं?"

"लोक पप्पाला नावं ठिवतील म्हणून." बापाचं तोंड बघून ती आईच्या पदराआड सरली. "चुकलं का, पप्पा? घरी गेल्यावर मारू नका."

तानाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या पोरीच्या अंगावर त्यानं वळ उठवले, तीच त्याची अब्रू झाकत होती! शरमेनं त्याची मान वर होईना. तो पोरीपुढं फरशीवर बसला.

"सिस्टर," तो कसाबसा म्हणाला, "समदं पुसा. पयल्यापासून लावा. हितंच बघतो, समद्यांसमोर."

सिस्टरांनी पहिला पाठ लावला. संस्कृती मात्र पदराआडून बाहेर आली नाही.

वाचणाऱ्या आईबापांनो, तुमच्या दाराआड काय ठेवलंय?