परीक्षक क्रमांक चार

"तुम्ही माझं सॉफ्टवेअर उघडलंच नाही. पाचांपैकी चार परीक्षकांनी त्याला बोटसुद्धा लावलं नाही, आणि गुण मात्र देऊन मोकळे झालात. हा सरळसरळ खोटेपणा आहे."

पुरस्कार समितीला लिहिलेल्या पत्राची सुरुवात तिने अशी केली. आईने मागून वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं, वर 'माननीय' तरी घाल."

"मान ठेवण्यासारखं काय केलंय त्यांनी?"

"काही नाही केलं. पण पत्र शेवटपर्यंत वाचायला हवं ना त्यांनी! वरच्या ओळीत माननीय, खालच्या ओळीत काय घालायच्या त्या शिव्या घाल."

तिने 'माननीय' घातलं. बाकी एक अक्षर हलवलं नाही.

ती लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत टाइपिस्ट होती. मेकॅनिक इमारतीत जाऊन यायचे, कार्डावर दोन ओळी खरडायचे आणि ती कार्डं हिच्या टेबलावर येऊन पडायची. 'आवाज येतो. तेल दिलं.' पुढचं कार्ड, 'आवाज येतो. तेल दिलं.' कसला आवाज, कुठून, मागच्या खेपेला होता तोच की नवीन, काही पत्ता नाही. जणू गावातल्या सगळ्या लिफ्टांना मिळून एकच आवाज होता.

आवाज कळायचा तो एकट्या बाबांना. ते त्याच कंपनीत चौतीस वर्षं मेकॅनिक. लिफ्टकडे पाठ करून उभे राहायचे, ती वर जाऊन खाली येईपर्यंत ऐकायचे आणि म्हणायचे, "तिसऱ्या मजल्याच्या दाराचा रोलर गेलाय." खोलून बघावं तर गेलेलाच असायचा. पण मशीनरूमच्या खडखडाटाने त्यांचा उजवा कान खाल्ला होता आणि आता डावाही चालला होता. कानाचे डॉक्टर म्हणाले, तीन वर्षं, फार तर. बाबा घरी येऊन हसले. "तीन वर्षांनी तुझ्या आईचं बोलणं ऐकू यायचं नाही. नोकरीचं चीज झालं म्हणायचं!" आई त्या दिवशी त्यांच्याशी बोलली नाही. बोलली असती तर रडली असती.

आणि हिने ठरवलं, कान जायच्या आत कानातलं बाहेर काढायचं.

प्रोग्रामिंग तिला कुणी शिकवलं नाही. डबा खायच्या सुट्टीत, ऑफिसच्या रडक्या कॉम्प्युटरवर, चुकत आणि स्वतःला शिव्या घालत ती शिकली. त्यात दोन वर्षं गेली, पण 'कानोसा' उभा राहिला. काम साधं. मेकॅनिकने मोबाइल मशीनजवळ धरायचा, आवाज टिपायचा, इमारत आणि लिफ्टचा नंबर टाकायचा. बाबांनी तो हेडफोन लावून ऐकायचा आणि खाली आपल्या भाषेत लिहायचं. 'रिकाम्या डब्यात वाटाणा. दाराचा रोलर.' 'दात खाते. बेअरिंग.' 'थांबताना म्हाताऱ्यासारखी खाकरते. ब्रेकचं अस्तर झिजलं, आजच बघा.' पुढच्या महिन्यात जाणाऱ्या मेकॅनिकने मागचा आवाज ऐकायचा आणि आजच्याशी ताडून बघायचा. चौदा इमारतींतले दोनशेबारा आवाज जमले होते.

कंपनीकडे इमारती होत्या साडेतीनशे. तिथे लावायचं तर साहेबांची परवानगी हवी. साहेब म्हणाले, "हे बघा, टाइपिस्टने केलेलं सॉफ्टवेअर मी वरच्यांना कुठल्या तोंडाने दाखवू? तो सॉफ्टवेअरचा पुरस्कार असतो ना दरवर्षी, त्याच्या अंतिम यादीत नाव आणा. उद्यापासून सगळीकडे लावतो. नाहीतर आपली कार्डं काय वाईट आहेत?"

तिने अर्ज भरला, आवाज ओळखणारे आपले बाबाच, हेही त्यात लिहिलं. तीन मिनिटांचा व्हिडिओ जोडला. व्हिडिओत दिसण्यासारखं काही नव्हतंच. ओळींची यादी आणि प्रत्येक ओळीपुढे एक बटण. ते बघायचं नव्हतं, ऐकायचं होतं. नियमांत ठळक लिहिलं होतं की परीक्षक प्रत्येक उत्पादन स्वतः वापरून पाहतील, म्हणून तिने पाच परीक्षकांसाठी पाच खाती उघडून दिली. परीक्षक-१ ते परीक्षक-५. कोण कधी आत आलं, काय ऐकलं, याची नोंद अशा कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये आपोआप होते. ती नोंद महिनाभर ती रोज सकाळी उघडून बघत होती. परीक्षक-४ नऊ वेळा आले. साडेतीन तासांच्या वर ऐकत बसले. परीक्षक-२ दारापर्यंत आले, पासवर्ड चुकवला आणि परत फिरले. बाकीच्या तिघांची नोंद कोरी. आज येतील, उद्या येतील, करता करता मुदत संपली.

मग गुण आले. पाच, चार, पाच, नऊ, पाच. अंतिम सरासरी पाच. यादीत यायला साडेपाच लागत होते. चार गुणांखाली शेरा होता, 'डॅशबोर्ड अधिक आकर्षक हवा.'

कानोशात डॅशबोर्ड नव्हताच.

पत्र गेल्यावर चौथ्या दिवशी समितीच्या संयोजकांचा फोन आला. आवाज साखरेत घोळलेला.

"मॅडम, पत्र मिळालं. भाषा जरा..."

"भाषा राहू द्या. सोबत नोंद जोडली होती, ती बघितलीत?"

"परीक्षकांचा निर्णय अंतिम असतो, मॅडम."

"निर्णय घेतला असेल तर अंतिम ना! तिघं आतच आले नाहीत. मग तिघांनीही प्रत्येक रकान्यात पाचच कसे दिले? ठरवून?"

"छे छे, ठरवून कसे देतील? रकाना रिकामा ठेवला की तिथे आपोआप पाच पडतात. पान अडून राहू नये, म्हणून तशी सोय केलीय."

तिला क्षणभर वाटलं, आपलाही कान गेला.

"म्हणजे सॉफ्टवेअरला बक्षिसं वाटणाऱ्यांचं स्वतःचं सॉफ्टवेअर असं आहे?"

"ते आम्ही स्पर्धेत उतरवलेलं नाही," संयोजक अगदी गंभीरपणे म्हणाले.

"बरं. ज्या एकाने उघडलं त्याने नऊ दिलेत. ते धरून सरासरी साडेपाचच्या वर जाते. का धरले नाहीत?"

"सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी गुण आम्ही वगळतो. निष्पक्षपणासाठी. एखादा परीक्षक वाहवत जातो."

"पाचांत एकानेच ऐकलं. आणि तो वाहवला म्हणून तुम्ही त्यालाच बाहेर काढलं?"

"नियम सगळ्यांना सारखा आहे, मॅडम." कागद चाळल्याचा आवाज आला. "हरकत घ्यायची असेल तर शुक्रवारी अकराला या. दहा मिनिटं मिळतील. त्यानंतर यादी जाहीर होते."

तिने फोन ठेवला. बाबा समोरच खुर्चीत बसले होते. त्यांना अर्धंच ऐकू गेलं होतं, पण तिचा चेहरा पूर्ण वाचता आला.

"जाऊ दे गं. चौदा इमारती तर झाल्या."

"आणि उरलेल्या तीनशे छत्तीस?"

"त्यांना तेल देतील," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिच्या मोबाइलवर अनोळखी नंबर आला.

"कानोसा तुम्हीच केलंय का? तुमच्या मदतीच्या पानावर हा नंबर होता. मी परीक्षक क्रमांक चार. हे बोलणं नियमात बसतं की नाही मला माहीत नाही, पण माझे गुण फार झाले म्हणून वगळल्याचं आजच कळवलंय मला. आता मी परीक्षक आहे की नाही, हेही मला माहीत नाही. तुम्ही इकडे येऊ शकाल? वडिलांना घेऊन या."

त्या बाई एका मोठ्या रुग्णालयाची इमारत सांभाळायच्या. नळ, दिवे, जिने, लिफ्ट, सगळं त्यांच्याकडे. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, पायात पळायचे बूट. त्यांनी दोघांना खोलीत बसवलं आणि बाबांच्या डाव्या बाजूला खुर्ची ओढली. ते कुणी न सांगता केलं, हे तिच्या लक्षात आलं.

"तुमचा एकसष्टावा आवाज," बाई म्हणाल्या. "म्हाताऱ्यासारखी खाकरते. तो मी अकरा वेळा ऐकला. पहिल्यांदा हसू आलं. मग वाटलं, हा आवाज आपण कुठेतरी ऐकलाय. अहो, कुठेतरी कसला? रुग्णांना ऑपरेशनला वर नेतो त्या लिफ्टचा! सहा वर्षं मी रोज त्या लिफ्टने जातेय. रोज वाटायचं, जुनी झालीय, खाकरणारच."

"मग?"

"खाली गेले, दाराला कान लावला. मग लिफ्ट बंद केली आणि मेकॅनिकला बोलावलं. तो म्हणाला, बाई, तुम्हाला कसं कळलं? मी म्हटलं, एका टाइपिस्टने सांगितलं."

त्यांनी खणातून ब्रेकचं जुनं अस्तर काढून बाबांच्या हातात दिलं. नखाएवढं पातळ. बाबांनी ते बोटांनी चाचपलं, उजेडात धरलं.

"ही अजून किती दिवस चालली असती हो?" बाईंनी विचारलं.

"चालली असती की," बाबा म्हणाले. "थांबली नसती."

बाबांनी अस्तर परत दिलं आणि पोरीच्या पाठीवर थाप मारली, अशी की तिला खोकला आला.

शुक्रवारी अकराला तिघं समितीच्या खोलीत गेले. लांब टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली, मधोमध अध्यक्ष. ते स्वतःच परीक्षक क्रमांक एक. क्रमांक चारची खुर्ची मोकळी होती, पण बाई तिकडे गेल्या नाहीत. हिच्या शेजारी बसल्या.

"आपल्याकडे दहा मिनिटं आहेत," अध्यक्ष म्हणाले.

"मला दोन पुरतात." तिने नोंदीचे कागद टेबलावर सरकवले. "कोण आलं, कोण नाही, सगळं यात आहे. आणि ज्या एका बाई आल्या त्यांच्या रुग्णालयात काय सापडलं, ते त्या सांगतील."

बाईंनी सांगितलं. अस्तर टेबलावर ठेवलं. त्याला हात लावायला कुणी पुढे होईना.

मग टेबलाच्या टोकाचे चष्मेवाले घसा साफ करत म्हणाले, "परीक्षक-२ मी. माझा पासवर्ड चुकला आणि मी नाद सोडला. व्हिडिओ बघून चार दिले. डॅशबोर्डचा शेरा माझाच."

"कानोशात डॅशबोर्ड नाही."

"हो. आत्ता कळलं." त्यांचे कान लाल झाले होते, पण त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "पासवर्ड पुन्हा सांगता?"

तिने सांगितला. त्यांनी हेडफोन कानात घातले. ते ऐकत होते, मान वाकडी करून, डोळे मिटून. मग हेडफोन काढून त्यांनी बाबांना विचारलं, "हे रिकाम्या डब्यात वाटाणा म्हणजे नेमकं काय?"

प्रश्न उजव्या बाजूने आला. बाबांना ऐकू गेला नाही. तिने डाव्या कानाशी जाऊन मोठ्याने सांगितला, आणि बाबांचा चेहरा फुलला. "असं बघा," म्हणत त्यांनी नखाने टेबलावर वाजवून दाखवलं. टक. टक. मध्ये जरा थांबून, टक. "रोलर एका जागी चपटा होतो. हा नवा, हा महिन्याचा, आणि असा वाजला की दार मध्येच अडकणार." कोऱ्या नोंदीचे उरलेले दोघं खुर्च्या सोडून पुढे वाकले. त्यांतल्या एकाने स्वतःच्या नखाने टक टक करून बघितलं. "चुकलं," बाबा म्हणाले, "घाई करताय," आणि पुन्हा वाजवून दाखवलं.

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. "वेळ संपली. समिती यावर विचार करेल."

ती उठली नाही.

"विचार आत्ता कशाला करताय, अध्यक्षसाहेब? ऐकल्यावर करा. दोनशेबारा आवाज आहेत, साडेतीन तास लागतात. बाईंना जमलं, तुम्हालाही जमेल. ऐका, आणि मग दोन गुण द्या, शून्य द्या, मी तोंडातून अवाक्षर काढणार नाही. पण बाबांचा डावा कान तुमच्या पुढच्या वर्षीच्या यादीसाठी थांबणार नाही. मी त्यांना घेऊन येते, काय विचारायचं ते विचारा. फक्त त्यांच्या या बाजूला बसा. सोमवार की मंगळवार? 'बघू' नको, 'कळवू' नको. आत्ता, इथे, या सगळ्यांसमोर सांगा. कधी ऐकताय?"