डॅशबोर्डचा उजेड

गॅरेजमध्ये त्याला सगळे फ्यूज म्हणत. गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा म्हणून नव्हे, तर तापला की बोलणंच बंद करायचा म्हणून. थोरल्या भावाशी त्याचं बोलणं सात वर्षं बंद होतं, आणि त्याला कारण होती वडिलांची गाडी.

गाडी पन्नास वर्षांची. वडिलांच्या शेवटच्या दहा वर्षांत तिची एकूण एक वायर फ्यूजने आपल्या हाताने बदलली होती. पण जाताना वडिलांनी किल्ली दिली थोरल्याला, थोरला म्हणून. थोरला निवृत्त मुख्याध्यापक. त्याला घरातला बल्ब बदलता येत नव्हता, पण गाडीत बसला की रुबाब असा, की कारखान्यातून यानेच ती ओढून आणली असावी. फ्यूज त्या दिवशी काही बोलला नाही. नंतरही नाही.

त्यामुळे एका दुपारी तीच गाडी गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा तो जागचा हललाच नाही. आधी वहिनी उतरली. तिनेच सगळं सांगितलं. डॅशबोर्डचे दिवे मिणमिणते झालेत, ह्यांना वेगाचा काटा दिसत नाही, दोन ठिकाणी दाखवलं पण कोणाला जमलं नाही. शेवटी तीच म्हणाली होती की घरचा माणूस असताना दारोदार कशाला फिरायचं. थोरला तेवढा वेळ पुढच्या टायरकडे बघत उभा होता.

फ्यूजने मान हलवली आणि किल्ली घेतली.

तीन दिवस त्याने दुसऱ्या कामाला हात लावला नाही. डॅशबोर्ड उघडला तर आत पसारा होता. बल्बच्या होल्डरांना गंज चढलेला, अर्थिंगची वायर नावापुरती अडकवलेली, उजेड कमीजास्त करायच्या बटणाची तार काळी पडलेली. आतल्या बाजूचा पांढरा रंग, जो उजेड काट्यांवर परतवतो, तो जुन्या दातांसारखा पिवळा झाला होता. आधीच्या दोघांनी नुसते मोठे बल्ब ठोकून दिले होते, आणि त्यांच्या उष्णतेने बल्बवरची रंगीत टोपणं वाकली होती. फ्यूजने ते बल्ब काढून मूळ मापाचे लावले. होल्डर घासले, अर्थिंग नव्याने केलं, बटणाची तार साफ केली, आतून पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. नवी टोपणं मिळेनात, म्हणून जुन्या भंगारातून तशीच शोधून काढली. हे करताना तो दोनतीनदा गुणगुणला. शेजारी पत्रा ठोकणाऱ्या डेंटरने ते ऐकलं आणि सगळ्यांना सांगितलं.

चौथ्या दिवशी नवराबायको आली. गाडी गॅरेजच्या मागच्या खोलीत होती; अंधार हवा म्हणून फ्यूजने तिथलं शटर खाली ओढलं. वहिनी बाहेर बाकावर बसली. थोरला स्टिअरिंगमागे बसला आणि फ्यूजने दिवे लावले. सगळा डॅशबोर्ड मऊ, हिरवट उजेडाने भरून गेला. फ्यूज गाडीच्या मागच्या खिडकीतून बघत होता, तरी त्याला काट्याखालची बारीक अक्षरंसुद्धा वाचता येत होती. वडील असते तर पाठीवर थाप मारली असती, असं त्याच्या मनात आलं.

थोरला बराच वेळ वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "अजून मंदच आहे."

फ्यूजला आधी वाटलं, मुद्दाम म्हणतोय. त्याने पेट्रोलचा काटा कुठे आहे ते विचारलं. थोरल्याने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, आणि अर्धी टाकी आहे म्हणून सांगितलं. काटा तळाला टेकला होता. दाराचं हँडलही थोरला चाचपडत शोधत होता.

सात वर्षांनी फ्यूज भावाशी बोलला. "दादा, दिवे ठीक आहेत. तू डोळे दाखवून घे."

थोरला गाडीतून उतरला. शाळेच्या व्हरांड्यात उभा राहावा तसा ताठ उभा राहिला.

"गाडी मिळाली नाही म्हणून आता माझे डोळे काढायला निघालास? तुला जमलं नाही असं सरळ म्हण."

फ्यूजने शटर वर केलं. वहिनीने बाकावरून विचारलं, झालं का. थोरला म्हणाला, याच्याच्याने नाही जमलं. वहिनीने फ्यूजकडे पाहिलं. त्याने काही बोलावं म्हणून ती थांबलीही होती. पण तो तापला होता. ज्याचं त्याने बघावं, आपण कोण, असं मनाशी म्हणून त्याने हात पुसायला चिंधी घेतली. वहिनी गाडीत नवऱ्याशेजारी बसली. गाडी गेली.

पुढे कानावर आलं की थोरल्याने कुठूनतरी डॅशबोर्डला भोकं पाडून पांढऱ्याफटक दिव्यांच्या पट्ट्या बसवून घेतल्या. फ्यूजने ते डेंटरला हसून सांगितलं. दीड महिन्याने एका संध्याकाळी गाडी वळणावरच्या दुभाजकावर चढली. थोरल्याला खरचटलंसुद्धा नाही. वहिनीचं खुब्याचं हाड मोडलं.

इस्पितळात तपासणी झाली तेव्हा थोरल्याला काचबिंदू निघाला. उजव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेलेली, डाव्याचीही कडेकडेने. गेली ती परत येत नाही, उरलेली औषधाने टिकवायची, एवढंच डॉक्टर म्हणाले.

फ्यूज भेटायला गेला तेव्हा वहिनी एकटीच होती. पायाला वजन बांधलेलं. त्याने स्टूल ओढलं, पण बसला नाही. त्या दिवशीच आपल्या लक्षात आलं होतं, दादाला सांगितलंही होतं, असं तो एका दमात बोलून गेला. न बोलता त्याला राहवेना.

वहिनी छताकडे बघत म्हणाली,

"मी बाहेर बाकावर होते, भाऊजी. चार पावलांवर."

"दादाला सांगितलं होतं, वहिनी."

"त्यांना सांगितलंत. शेजारी बसायचं मला होतं."

तेवढ्यात बाहेरून थोरल्याचा आवाज आला. भेटायला आलेल्या मामेभावाला तो सांगत होता की धाकट्याने वायरिंगमध्ये काहीतरी घोळ करून ठेवला होता, ऐन वळणावर डोळ्यांपुढे अंधार झाला. मामेभाऊ चुकचुकला. मग त्याला दारातून फ्यूज दिसला आणि तो गप्प झाला. फ्यूजने वहिनीकडे पाहिलं. एक शब्द ती बोलली असती तर पुरे होतं. तिने मान भिंतीकडे वळवली.

गाडी थोरल्याने महिन्याभरात एका परक्या माणसाला विकून टाकली. फ्यूजला डेंटरकडून कळलं. गोष्ट नातेवाइकांत पसरली ती मात्र थोरल्याचीच, आणि फ्यूज ती खोडायला कुठे गेला नाही.

वहिनी घरी आली, वॉकर धरून चालायला लागली. एकदा त्याने फोन केला, भेटायला येऊ का म्हणून विचारलं. तिने त्याच्या मुलीची चौकशी केली, तब्येतीला जपा म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून सांगितलं की सध्या नका येऊ, ह्यांना त्रास होतो.

बरं, म्हणाला तो.