नवव्या क्रमांकाचा शब्द

"लाडकुंवर. त्यांची सून सुंदरकुंवर. त्यांची सून जडावबाई." तीन पिढ्यांच्या सासवांची नावे घेऊन राजकुंवरने डावा हात चौरंगावर उताणा ठेवला. "चौथी मी. या घराच्या किल्ल्या ज्या कमरांना होत्या, त्यातली एकही कमर कधी कोणापुढे वाकली नाही. बांध तुझ्या पट्ट्या."

कंचनने मिठाच्या पाण्यात भिजवलेला कापूस आजीच्या दोन बोटांवर ठेवला, त्यावर पितळेच्या दोन चकत्या बसवल्या आणि कापडी पट्टीने आवळल्या. चकत्यांच्या तारा एका लाकडी पेटीत जात होत्या. पेटीच्या तोंडावर काच होती आणि काचेमागे एक बारीक सुई. कंचन धुळ्याच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकत होती. सुटीत बारा वयस्क बायकांच्या नोंदी घेऊन येण्याच्या अटीवर सरांनी ही पेटी तिच्या हवाली केली होती. जळगावला येताना एस.टी.त ती तिने मांडीवरून खाली ठेवली नव्हती.

"ताण आला की तळव्याला घाम येतो, दादी. डोळ्यांना दिसत नाही इतका. पण ओल्या कातडीतून वीज लवकर जाते, म्हणून सुई हलते. मी एकेक शब्द म्हणेन. तुम्ही काही बोलायचं नाही."

"बोलणार कशाला? माझी सुई हलायचीच नाही."

दारात धान्य निवडत बसलेली कामवाली बेबाबाई खुदकन हसली. सकाळी तिचीही नोंद झाली होती.

"आक्का, तशी नका सांगू. सूननं नाव लिधं नि मन्ही सुई नाचनी! बठ्ठं कळस त्या पेटीले."

"तुझं सगळं कळणारच. तुझी सून आहेच तशी," राजकुंवर म्हणाली. "चालू कर गं."

कंचनने मात्र लगेच कागद उचलला नाही. पेटीची कड पुसत तिने कालचाच विषय पुन्हा काढला.

"दादी, वहिनीची गोद भरायला धुळ्याच्या दादींना बोलवायचं ना? मी त्यांच्याच घरी राहते. इथून गेल्यावर त्या काही विचारणार नाहीत. पण मला त्यांच्या हातचं जेवायचं असतं."

"एकदा नाही म्हटलं." राजकुंवरचा आवाज चढला नाही, तो कधीच चढत नसे. "जिने उपासाच्या कौतुकापायी पोटातलं घालवलं, तिचा हात माझ्या नातसुनेच्या ओटीला लागायचा नाही. वाच."

कंचन वाचू लागली. खुर्ची. केळ. आगगाडी. सुई जागची हलली नाही. किल्ली. किंचित थरथर. विधवा. मृत्यू. राजकुंवरचे यजमान जाऊन सहा वर्षे झाली होती. तरीही सुई दोनच घरे सरकली आणि गुमान परतली. राजकुंवरच्या ओठांच्या कडेला समाधान दिसले. कापूस. शाळा.

"पाणी," कंचन म्हणाली.

सुई उसळून काचेच्या टोकाला आपटली आणि तिथेच थांबली.

कंचनने तारा चाचपल्या, पट्ट्या घट्ट केल्या. सुई खाली यायला बराच वेळ लागला. मग तिने शब्दांचा क्रम बदलून पुन्हा वाचले. आगगाडी. शाळा. पाणी. सुई पुन्हा टोकाला गेली.

"हा तर साधा शब्द आहे," ती पुटपुटली. "मध्ये मध्ये घालायला सरांनी दिलेला. बॅटरी उतरली असेल. अशी नोंद आली तर काट मारायची आणि पुढे 'यंत्रातील दोष' लिहायचं, असं सरांनी सांगितलंय."

तिने पेन्सिल उचलली. राजकुंवर त्या पेन्सिलीच्या टोकाकडे पाहत राहिली.

या जैन घरात सूर्यास्तानंतर पाणीही वर्ज्य; सूर्य बुडाला की पाण्याच्या खोलीला कुलूप लागे. लाडकुंवरने घातलेला तो दंडक पुढे कोणी मोडला नव्हता. तीस वर्षांपूर्वी, पर्युषणात, धाकटी जाऊ प्रेमकुंवर, म्हणजे आताच्या धुळ्याच्या दादी, हिने अठाई धरली होती: आठ दिवस निराहार, फक्त दिवसा उकळलेले पाणी. वय एकोणीस. दिवस गेल्याचे तिलाही तेव्हा कळले नव्हते. आठव्या दिवशी दिवेलागणीनंतर ती भिंत धरत आली आणि म्हणाली, भाभीसा, घोटभर पाणी द्या, मला काहीतरी होतंय. सकाळी पारणे होते, वाजंत्री सांगितली होती, एरंडोलपर्यंतची सोयरी घरात उतरली होती. राजकुंवरने कमरेच्या किल्ल्यांवर हात ठेवला. एका रात्रीसाठी घराचं नाव बुडवू नकोस, म्हणाली.

पहाटे प्रेमकुंवर रक्तात पडलेली सापडली. पुढे तिची कूस उजवली नाही. त्या दिवशी जैन साधू महाराजसाहेबही हळहळले; व्रत देहापेक्षा मोठे नाही, मुलीने पाणी मागायला हवे होते, म्हणाले. सगळ्या बायकांच्या नजरा अंथरुणाकडे वळल्या. आणि अंथरुणावरची काही बोलायच्या आत राजकुंवरने उत्तर दिले होते: तिने मागितलंच नाही.

दर संवत्सरीला, पर्युषणाच्या अखेरच्या दिवशी, गावोगाव क्षमा मागणारी छापील कार्डे जात. धुळ्यालाही एक जाई. त्याखाली राजकुंवरने हाताने एक अक्षर कधी लिहिले नव्हते.

पेन्सिल कागदावर टेकली.

"काट मारू नकोस," राजकुंवर म्हणाली.

"पण दादी, सुई चुकली..."

"सुई चुकली नाही." तिने दुसऱ्या हाताने पट्टी सोडली. चकत्या काढून कापसाशेजारी नीट मांडल्या. तळवा पदराला पुसला आणि पुसलेल्या तळव्याकडे पाहिले. "बरोबर आहे असं लिही. आणि धुळ्याला पत्र घाल. गोद भरायला ये म्हणावं. नाही, थांब. कागद इकडे दे. मीच लिहिते."

दारातल्या बेबाबाईचा सुपावरचा हात थांबला.

अकराव्या दिवशी दुपारी ओसरीवर सतरंज्या अंथरल्या होत्या. नातसून चौरंगावर बसली होती. प्रेमकुंवर आली ती शेवटच्या सतरंजीच्या कडेला, चपलांजवळ बसली. बसण्याची जागा तिला कोणी दाखवली नव्हती. तिची तिला ठाऊक होती. पन्नाशीची असूनही ती साठीची दिसत होती.

"हिला कोणी बोलावलं?" चोपड्याची नणंद आवाज न दाबता म्हणाली. "पहिलटकरणीसमोर?"

"मी बोलावलं," राजकुंवर म्हणाली आणि उठली. ती उभी राहिली की घरातले बोलणे थांबे. तसे ते थांबले. "बाईजी, तुम्ही त्या दिवशी इथेच होतात. या कोपऱ्यातल्या तिघीही होत्या. ज्या नव्हत्या, त्यांनी तुमच्याकडून ऐकलं. मी म्हणाले होते, प्रेमने पाणी मागितलंच नाही."

राजकुंवरने शेवटच्या सतरंजीकडे पाहिले.

"मागितलं होतं. भिंत धरून आली होती. किल्ली माझ्या कमरेला होती आणि मी कुलूप काढलं नाही. ते मूल हिच्या उपासाने गेलं नाही. माझ्या तोऱ्याने गेलं. नंतर मी खोटं बोलले आणि तीस वर्षं तेच चालवलं."

नणंदेने पदर तोंडावर घेतला. राजकुंवरची मान ताठच होती. फक्त कमरेवरचा हात किल्ल्यांवर नव्हता, पाठीमागे भिंतीला टेकलेला होता.

"तू का नाही बोललीस, प्रेम?"

"मला कोणी विचारलं, भाभीसा?"

राजकुंवर वळली. ती आत गेली. दोन सुना धावल्या. तिने हातानेच त्यांना थांबवले. गेल्या कित्येक वर्षांत तिने स्वतः उठून कोणाला पाणी दिले नव्हते. पाण्याच्या खोलीचे दार उघडल्याचा आवाज आला, मग कळशी कलल्याचा. पितळेचे काठोकाठ भरलेले भांडे दोन्ही हातांत धरून ती बाहेर आली. पाणी सांडले नाही. चपलांपर्यंत चालत जाऊन ती प्रेमकुंवरसमोर गुडघ्यांवर बसली. त्या घराण्यातली एक कमर वाकलेली पाहायला ओसरीभर बायका होत्या.

प्रेमकुंवरने आधी भांड्याकडे पाहिले, मग अंगणाकडे. तुळईच्या सावलीपलीकडे अजून ऊन होते.

"दिवस आहे ना अजून?"

"आहे," राजकुंवर म्हणाली.

प्रेमकुंवरने भांडे तोंडाला लावले. घाई न करता, मध्ये श्वास घेत, ती पीत राहिली. मग तिने रिकामे भांडे राजकुंवरच्या हातावर उपडे केले. तळव्यावर एक थेंबही पडला नाही.