विकतच्या वाती, विकतचा वेग

“वात वळताना नाव घे, चित्रा. नाव न घेता वळलेली वात म्हणजे नुसता कापूस.”

आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. तरी देवासमोर बसून कापसाची पिशवी उघडली, की हा आवाज चित्राच्या कानाशी येऊन बसायचा. अलीकडे मात्र तो आला की ती मान फिरवायची. ज्याला तोंड दाखवायचं नाही असं ओळखीचं माणूस रस्त्यात दिसावं आणि आपण उगाच दुकानाची पाटी वाचत उभं राहावं, तसं.

त्याचं कारण देव्हाऱ्याखालच्या पत्र्याच्या डब्यात होतं.

रायपूरच्या बूढापाऱ्यात, तलावाच्या अंगाला असलेल्या एका गल्लीत चित्राचं घर. सासरची मंडळी भोसल्यांच्या काळापासून इथलीच. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी, असा सारा कारभार. नवं राज्य होऊन अजून दहा वर्षंही झाली नव्हती. शहरात जिकडेतिकडे नवे रस्ते, नवी कार्यालयं, आणि राज्याच्या नावानं पाण्यात उतरणारा संघही नवाच. त्या संघात मुलींच्या शंभर मीटरच्या शर्यतीसाठी एकच जागा होती. ती आपल्या अनुश्रीला मिळावी म्हणून चित्रानं आषाढी एकादशीला लाखवातीचा नवस बोलला होता. लाख वाती स्वतःच्या हातानं वळायच्या, एकेका वातीला देवाचं नाव घ्यायचं आणि कार्तिकी पौर्णिमेला उद्यापन करायचं.

बोलणं सोपं असतं. पहाटे पोरीला स्कूटरवर तरणतलावावर न्यायचं, परत येऊन डबे, मग सासरच्यांचं येणंजाणं. दसरा उलटला तरी डबा निम्मासुद्धा भरला नव्हता. तेव्हा शेजारच्या लतानं वाट दाखवली. गोलबाजारात मशीनवर वळलेल्या वाती मिळतात म्हणे, अगदी एकसारख्या, जुड्या बांधलेल्या. “देव काय डबा उघडून पाहून राहिला का, दीदी?” असं म्हणून ती हसली. चित्रा हसली नाही. पण दुसऱ्याच दिवशी गोलबाजारात गेली. आणलेल्या जुड्या तिनं आपल्या जुड्यांत मिसळल्या आणि झाकण लावून टाकलं.

त्याच आठवड्यात सिंगापूरहून दिवाकरचं पार्सल आलं. दिवाकर हा चित्राचा धाकटा भाऊ. भाचीसाठी त्यानं पोहण्याचा नवा पोशाख पाठवला होता. खांद्यापासून घोट्यापर्यंतचा, काळाभोर, रबरासारखा चकाकणारा, हातात घेतला तर वजनच नाही. तो अंगाला आवळून धरायचा आणि पोहणारीला पाण्यावर उचलून ठेवायचा. अशा पोशाखांनी जगभर इतके विक्रम मोडले, की पोहण्याच्या जागतिक संघटनेनं नव्या वर्षापासून ते बंद करायचं ठरवलं होतं. पेपरात तसं येऊनही गेलं होतं. पण नवं वर्ष यायला अवकाश होता आणि निवड तर पुढल्याच रविवारी होती. दिवाकरचं म्हणणं सरळ होतं: तोवर नियमात आहे ना, मग घालू दे तिला. तरणतलावावरच्या सरांनाही विचारलं. नियमात आहे, मी अडवणार नाही, एवढंच ते म्हणाले आणि शिट्टी वाजवत पलीकडे निघून गेले.

पोशाख चढवणं हाच एक सोहळा होता. पायात प्लॅस्टिकच्या पिशव्या घालायच्या, म्हणजे तो सरकतो. नखं लागून फाटू नये म्हणून बोटांना फडकी गुंडाळायची. मग दोघींनी दोन बाजूंनी ओढायचं. पहिल्या दिवशी लता मदतीला आली होती. घामाघूम होऊन ती म्हणाली, “उशीले खोळ घालताना इतका जीव नाही गेला कधी. पोट्टी, श्वास घे, नाहीतर आम्हालेच पोहावं लागते तुझ्या जागी.”

त्या दिवशीच्या सरावात अनुश्री सोनियाच्या पुढं निघाली. पहिल्यांदाच.

सोनिया शहराच्याच गुढियारी भागातली. वडील रेल्वेत, मूळचे वर्धेकडचे. दोघी एकाच वयाच्या, एकाच तरणतलावात वाढलेल्या, आणि गेली दोन वर्षं शेवटच्या हाताला सोनियाच पुढं असायची. तरी दोघींचं मैत्र असं, की एकीचा गॉगल तुटला तर दुसरी आपला द्यायची. त्या दिवशी सोनियानं पाण्यातूनच अनुश्रीकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. “मस्त तैरला बाप्पा तुझा ड्रेस,” ती म्हणाली. “तुलेही संगं घेऊन आला, चांगलं झालं.”

काठावरची पोरं हसली. अनुश्रीही हसली. पण घरी येईपर्यंत स्कूटरवर मागं बसून ती एक शब्द बोलली नाही, आणि आल्यावर ताटावरून तशीच उठली. दोन दिवस असंच चाललं. तिसऱ्या दिवशी तिनं सांगून टाकलं, की रविवारी मी साधाच स्विमसूट घालणार.

चित्रा तिला समजवायला बसली. ती चिडत नसे. तिचा आवाज चढत नाही म्हणून सासरी कौतुक होतं. त्या दिवशीही चढला नाही, पण थांबलाही नाही. मामानं एवढ्या प्रेमानं पाठवला. नियमात आहे. चोरी थोडीच आहे? जागा एकच आहे बेटा, आणि पुढल्या वर्षी तुझी दहावी. बाप भार्गव पेपरामागून म्हणाला, तुम्ही मायलेकी ठरवा, आणि पुन्हा पेपरात शिरला. पोरगी ऐकून घेई आणि हिंदीत एकच उत्तर देई, “मन नहीं है, मम्मी.”

शेवटी चित्राला कुसुमताई आठवल्या. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायकांची व्रतं, उद्यापनं सगळी त्यांच्या सल्ल्यानं व्हायची, आणि अनुश्रीचं त्यांच्यावर फार प्रेम. त्या समजावतील तर पोरगी ऐकेल, म्हणून शनिवारी दुपारी चित्रानं त्यांना बोलावलं.

अनुश्री शाळेतून यायची होती. चहा होईपर्यंत कुसुमताई देव्हाऱ्यापाशी टेकल्या. उद्यापन जवळ आलं, पाहू तरी कुठवर आलंय, म्हणून त्यांनी सहज डबा उघडला. एक जुडी उचलली. मग दुसरी. दोन्ही तळव्यांवर ठेवून त्या बराच वेळ पाहत राहिल्या. एकीतल्या वाती हाताच्या होत्या: कुठं जाड, कुठं बारीक, एखादी वाकडी. दुसरीतल्या मात्र शिपायांच्या रांगेसारख्या.

चित्रा चहा घेऊन दारात आली आणि तिथंच थांबली.

कुसुमताईंनी जुड्या खाली ठेवल्या. काही विचारलं नाही. चहा घेतला, मग म्हणाल्या, “पोट्टीचं काय म्हणत होतीस?”

चित्रानं सगळं सांगितलं. आधी अडखळत, मग भरभर. शेवटी म्हणाली, “ताई, मले एक सांगा. सोनियाच्या घरी रोज बदाम भिजत नाहीत, आमच्या घरी भिजतात. आमच्या पोरीचा गॉगलही भारीचा आहे. मग तेही बंद करायचं का? ज्याले जे मिळते ते तो घेते. यात पाप काहून?”

“पाप कोण म्हणून राहिलं?” कुसुमताई शांतपणे म्हणाल्या. “बदाम खुशाल दे. बदाम पचवाले तिचंच पोट लागते. गुरू चांगला मिळाला तर मिळू दे. त्याचं शिकवणं अंगात मुरवाले तिलेच पहाटे उठावं लागते. पण हा ड्रेस अंगात मुरत नाही, चित्रा. काढला की गेला. आणि नव्या वर्षात तो काढावाच लागते. मग आपल्या राज्याचं नाव छातीवर लावून पाण्यात कोण उतरेल? जी खरंच पुढं होती ती, की जिले ड्रेसनं पुढं नेलं ती?”

कुसुमताईंनी कप खाली ठेवला.

“दोघींनाही एकेक मिळाला असता तर मी बोललीच नसती. दोघींची शर्यत दोघींतच राहिली असती. आता मात्र एकीची शर्यत सोनियाशी नाही, आणि दुसरीची अनुश्रीशी नाही. मग जिंकलं काय आणि हरलं काय, कोणाले कळणार?”

“पण नियम…” चित्रा म्हणाली.

“नियमात तर याही बसतील.” कुसुमताईंनी डब्याकडे नुसती नजर टाकली. “विकतची वात दिव्यात कमी जळते, असं थोडंच आहे? उजेड तेवढाच पडते. पण उद्यापनाले मी भटजींपाशी संकल्प सांगीन ना, तेव्हा वळणारीचं नाव काय सांगू? तुझं, की त्या मशीनचं?”

चित्रानं डब्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले. इतके दिवस ज्या आवाजापासून ती तोंड चुकवत होती, तो आता लख्ख ऐकू आला. नाव न घेता वळलेली वात म्हणजे नुसता कापूस. मशीन कुणाचं नाव घेतं? जी खोटी गोष्ट तिनं देवापाशी केली होती, तीच ती पोरीला तलावात करायला सांगत होती. आणि पोरीला ते आधीच कळलं होतं. आईला देवासमोर बसून कळलं नव्हतं, ते लेकीला पाण्यात कळलं होतं!

कुसुमताई उठल्या. दारात चपला घालताना त्यांनी चित्राच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, “पौर्णिमा दर महिन्याले येते, आणि कार्तिक दर वर्षी. घाई देवाले नसते, आपल्याले असते.”

संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर चित्रानं अनुश्रीला जवळ बसवलं आणि डबा पुढं ओढून विकतच्या जुड्या एकेक करून वेगळ्या काढायला लागली. पोरगी पाहत राहिली.

“ह्या मी वळलेल्या नाहीत, अनु. विकत आणल्या. तुझ्यासाठीच्या नवसात मिसळल्या.”

अनुश्रीनं डोळे मोठे केले. “सच्ची, मम्मी? तू?” आणि मग तिला हसू फुटलं. इतक्या दिवसांनी फुटलेलं ते हसू ऐकून चित्राचा अर्धा भार तिथंच उतरला. हसता हसता पोरगी आईच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, “उस दिन जीतके भी अच्छा नहीं लगा था. ऐसा लगा कोई और जीता.” थोडं थांबून तिनं हळूच विचारलं, “और कल हार गई तो?”

“तर हरशील. घरी येशील, वरणभात जेवशील, झोपशील.”

मग दिवाकरला फोन झाला. तो आधी कुरकुरला. एवढं शोधून पाठवलं, आणि तुम्ही कपाटात ठेवणार. चित्रानं त्याला आपल्या वातींची गोष्ट सांगितली, तेव्हा त्याची कुरकुर थांबली. आईचा आवाज बहुधा त्यालाही ऐकू आला असावा. उद्या निकाल काय लागला ते कळव, एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

रविवारी शिट्टी झाली आणि दोन्ही पोरी, दोघी साध्या निळ्या पोशाखात, पाण्यात झेपावल्या. बाकीच्या चौघी मागं पडत गेल्या. अर्धं अंतर होऊन परत फिरताना दोघी बरोबरीनं होत्या. पायऱ्यांवर बसलेल्या चित्राचे हात जोडलेले होते, आणि ओठांवर मागणं येता येता राहिलं. सोनियाचा हात चुकू दे, असं काहीतरी ते होणार होतं. तिनं ते गिळलं. देवा, ज्याचं त्याला दे, एवढंच म्हटलं.

शेवटच्या हाताला सोनिया पुढं होती. जेमतेम, बोटभर.

चित्रानं श्वास सोडला. वाईट वाटलंच, आईचं मन ते. पण छातीवरची शिळा मात्र तिथं नव्हती. अनुश्री पाण्यात सोनियाच्या गळ्यात पडलेली दिसत होती. सरांनी घड्याळ दाखवत सांगितलं, की साध्या पोशाखात इतक्या वेगानं ती आजवर कधी पोहली नव्हती. थोड्या वेळानं ओल्या केसांनी सोनिया पायऱ्यांवर आली आणि वाकून नमस्कार करत म्हणाली, “काकू, त्या दिवशी मले ड्रेसनं पळवलं होतं. आज तुमच्या पोट्टीनं पळवलं. लय धाकधूक झाली.”

“अशीच पळत राहा,” चित्रा म्हणाली. खाऊच्या डब्यातला अनुश्रीसाठी आणलेला लाडू तिनं दोघींना अर्धा अर्धा दिला.

दुपारी अनुश्री पोटभर जेवली आणि पंख्याखाली गाढ झोपली. कितीतरी दिवसांनी.

आपल्यापैकी कुणाच्या घरी असा काळा पोशाख येईल, न येईल. पण त्याच्या जातीची एखादी वस्तू प्रत्येक घरात कधी ना कधी येतेच: लेकराच्या नावानं आईबापांनी करून दिलेला प्रकल्प, ओळखीनं मिळालेलं बक्षीस, दुसऱ्याच्या हातानं पुरा झालेला नेम. त्या वेळी आपण विचारतो, नियमात बसतं का? नियमात तर पुष्कळ काही बसतं. विचारायचं ते वेगळंच. हे माझ्या अंगात मुरलेलं आहे का, आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्याला मी बरोबरीची संधी दिली का? एवढं ज्यानं विचारलं, तो हरला तरी त्याला झोप लागते. खिलाडूपणा म्हणजे दुसरं काय?

सोमवारी उजाडताच चित्रानं स्नान केलं. विकतच्या जुड्या तिनं एका पिशवीत भरल्या. देवळातल्या रोजच्या दिव्याला त्या चालणार होत्या, फक्त तिच्या मोजणीत येणार नव्हत्या. नवस फळला नव्हता. पण शब्द दिलेला होता, आणि तो फळण्याच्या अटीवर दिलेला नव्हता, हे तिनं रात्रीच ठरवून टाकलं होतं. एका हातात ती पिशवी, दुसऱ्या हातात कापूस आणि बराचसा रिकामा झालेला डबा घेऊन ती पायऱ्या उतरली. दार तिनं हलकेच ओढून घेतलं. पोरगी अजून झोपलेली होती. कुसुमताईंच्या ओसरीवर सकाळचं ऊन येतं, तिथं बसून वळायला बरं पडेल.

तलावाच्या कडेनं चालताना तिचे ओठ हलू लागले होते.