देवगिरीच्या वेढ्यातली गोणी

मी एक तागाची गोणी बोलतेय. हसू नका, यादवांची देवगिरी माझ्यामुळे पडायची! दरसाल, संमेलनाच्या दिवशी, दुपारी चार वाजता, समुद्रपूरच्या शाळेच्या पटांगणात.

मी पूर्वी सरकी वाहायची. कुशीला फाटले तेव्हा दुकानदार पुंडलिकरावांनी मला शाळेला देऊन टाकलं. दत्तोपंत मास्तरांनी ठिगळ लावून मला नाटकात घेतलं. नाटक त्यांनीच लिहिलेलं. राज्याला उतरती कळा लागलेली, देवगिरीला वेढा पडलेला. रामदेवराव म्हणतो, "कोठारं भरलेली आहेत, झुंजू!" मग माझ्यात हात घालतो, तर धान्याऐवजी मीठ. गोण्या घाईत, न बघताच किल्ल्यात घेतलेल्या! राजा शरण जातो. मास्तर विंगेत डोळे पुसायचे.

शाळेत पाणी भरणाऱ्या रुख्माबाई मात्र चिडून उठून जायच्या. लहानपणी दुष्काळात त्यांनी मिठाचं पाणी पिऊन दिवस काढले होते.

"मास्तर, किल्ल्यात लेकरं असतीन ना? दरसाली काऊन उपाशी मारून राह्यले त्यायले?"

"इतिहासात मीठच आहे, रुख्माबाई. मी काय करू?"

चोपन्न साली प्रयोगाआधी बाईंनी गुपचूप माझ्यातलं मीठ काढलं आणि घरची जवारी भरली. खरं सांगते, मला बरंच वाटलं.

राजा झालेल्या अण्णाजी कारकुनांच्या ओंजळीत जवारी आली आणि ते भाषणच विसरले. पटांगणातून ओरडा झाला, "महाराज, जवारी हाय! शरण काऊन जाता?" अण्णाजींनी तलवार उपसली, टाळ्या पडल्या, देवगिरी वाचली. मास्तर डोक्याला हात लावून बसले. आठ दिवस ते बाईंशी बोलले नाहीत.

पुढच्या साली त्यांनी मला स्वतःच्या हातानं भरलं आणि बाईंना हाक मारली.

"वर मीठ आहे. तळाशी बघा. राजाला कळणार नाही, पण आहे."

बाईंनी कोपरापर्यंत हात घातला. मूठभर जवारी वर काढून पाहिली, परत आत सोडली.

"मंग होऊ द्या शरण," त्या म्हणाल्या. "लेकरं जेवून तं घेतीन."

त्या दुपारी देवगिरी पडली. बाई पहिल्यांदाच शेवटपर्यंत बसल्या.

आता मी शाळेच्या दारात पायपुसणं आहे. पाय खुशाल पुसा. शिवणीत दोन-चार दाणे अडकलेत, ते तेवढे झटकू नका. ते किल्ल्यातल्या लेकरांचे आहेत.