बॉनेट बंद असताना

गॅरेजवाल्या हणमंतरावांनी दोनदा सांगितलं होतं, की गाडीत काही दोष नाही. त्यांच्या त्या शब्दावरच ड्रायव्हर देवाप्पाची नोकरी जायला निघाली होती.

त्या वर्षांत इंदिरानगरात एसीच्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली एक भगवंतरावांची. म्हाताऱ्याचं हृदय अधू, उकाडा सोसत नसे. मार्च लागला आणि तिचा एसी मध्येच गरम वारा सोडू लागला. गॅरेजात आणावी, तर बर्फासारखा गार. गेल्या आठवड्यात के. आर. पुरमच्या रेल्वे फाटकाशी भगवंतराव मागच्या सीटवर घामाघूम होऊन कलंडले, आणि त्यांच्या सुनेनं, राजलक्ष्मीनं, निकाल लावला.

"मामंजींचा डोळा लागला, की हाच बटण बंद करतो. पेट्रोल उरवून विकत असेल. गाडी ठीक आहे म्हणालात ना, हणमंतराव? मग दोष माणसातच. शनिवारी त्यानं बंगल्यामागचं आउटहाउस रिकामं करावं."

सोळा वर्षं देवाप्पा त्या आउटहाउसमध्ये राहत होता.

शुक्रवारी दुपारी तो गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिला.

"अण्णा, एकदा माझ्यासंगट बसा. फाटकापर्यंत."

"दोनदा बघितलं रे. फ्यूज चांगला, गॅस भरपूर, तारा शाबूत."

"तुम्ही बघता बॉनेट उघडून. मी काय बॉनेट उघडून गाडी चालवतो?"

तीस वर्षं गाड्यांच्या विजेचं काम केलेल्या माणसाला हे ड्रायव्हरनं सांगावं! तरी हणमंतराव तारेत वीज आहे का ते दाखवणारा टेस्ट लॅम्प घेऊन पुढच्या सीटवर बसले.

फाटक पडलेलं होतं. पुढे लॉऱ्या, मागे बस, वर ऊन. पाव तास गेला. मग 'टक' असा बारीक आवाज झाला आणि तोंडावरचा वारा कोमट झाला.

"माझे हात बघा अण्णा," देवाप्पा म्हणाला. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

हणमंतरावांनी उतरून घाईनं बॉनेट उघडलं. इंजिन निवण्याआधीच बघायला हवं होतं. हवा गार करणाऱ्या कॉम्प्रेसरच्या तारेला लॅम्प लावला, पेटला नाही. मग ते मागे मागे येत रिलेपाशी पोचले. काडेपेटीएवढी ती डबी, तिच्यातूनच वीज कॉम्प्रेसरकडे जाते. तिच्यात येणाऱ्या तारेवर लॅम्प लख्ख पेटला, जाणाऱ्या तारेवर नाही. त्यांनी डबी उपसली. तिचा एक पितळी पाय हिरवा पडून गंजला होता आणि खाचेत लालपिवळा चिखल सुकला होता. गार असताना तो पाय कसाबसा चिकटे, तापला की सोडून देई.

त्या लाल रंगावरून हणमंतरावांनी बोट फिरवून पाहिलं. कुंकूच होतं ते.

दसऱ्याची आयुधपूजा त्यांच्याच गॅरेजात झाली होती. त्यांचे वडील घोड्याच्या जटक्याच्या चाकांना हळदकुंकू लावून आंब्याच्या पानानं तीर्थ शिंपडत. हणमंतरावांनी त्याच श्रद्धेनं गाड्यांना लावलं. झाकणावरचं कुंकू देवाला पोचत नाही असं त्यांचं ठाम मत, म्हणून दरसाल ते विजेच्या डब्या उघडून आत बोट टेकवत आणि वरून तीर्थ शिंपडत.

"काय सापडलं?" देवाप्पानं विचारलं.

घासून बसवलं असतं, 'तार ढिली होती' म्हटलं असतं, तरी कुणाला कळलं नसतं. पण तार ढिली कुणी केली, हे राजलक्ष्मीनं लगेच ठरवलं असतं.

"माझी पूजा सापडली," ते म्हणाले.

गाडीत नवी डबी बसवून, बंगल्यावर त्यांनी ती जुनी डबी राजलक्ष्मीच्या समोर टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. तिनं डबी उचलून तो हिरवा पाय निरखला.

"देवाच्या कामानं असं होतं?"

"देवाचं नाही अक्का. माझ्या हातानं झालं. आणि दोनदा नीट न बघताच ठीक म्हणालो, तेही मीच."

तिनं खुंटीवरची गाडीची किल्ली काढून देवाप्पापुढे धरली. "मामंजींना पाचला डॉक्टरांकडे न्यायचं आहे," एवढंच म्हणाली. चोरीचा शब्द तिनं परत घेतला नाही.

"सरी, नेतो," म्हणून देवाप्पानं किल्ली घेतली. आउटहाउसच्या दारात त्याच्या बायकोनं बांधून ठेवलेल्या ट्रंकेवरची दोरी तशीच होती.

त्यानं नोकरी सोडली नाही. गाडीही हणमंतरावांकडेच येत राहिली. पण आल्यावर देवाप्पा पूर्वीसारखा आत येऊन स्टुलावर बसत नसे. चहा पुढे केला, की म्हणे, "नको अण्णा, आत्ताच झाला." आणि काम होईपर्यंत बाहेर उन्हात उभा राही.